सर, जरा मॅनेज करा ना!

हा विषय माझ्याकडे आला त्या दिवशी मी रजेवर होतो.

मेव्हण्याच्या मुलाची मुंज होती, म्हणून एक सीएल टाकली आणि नेमक्या त्याच दिवशी आमच्या मेकॅनिकल डिपार्टमेंटची लोडची मीटिंग झाली. लोड म्हणजे कोणी कोणता विषय शिकवायचा त्याची वाटणी. भावाभावांत जमीन वाटतात तशीच ही होते. बागायत थोरल्यांना, जिरायत मधल्यांना आणि जो हजर नाही त्याच्या नावावर ओढ्याकाठचा खडकाळ तुकडा. थर्मोडायनॅमिक्स गेलं, मशीन डिझाइन गेलं, हीट ट्रान्सफरवर दोघांची थोडी बोलाचाली होऊन तेही गेलं. उरलं इंडस्ट्रियल मॅनेजमेंट. ‘मॅनेजमेंट काय, कोणीही शिकवतं,’ असं म्हणून एचओडींनी माझ्या नावापुढे आठवड्याचे चार तास टाकले. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मामा सासवडकडचे. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत सगळ्यांना एकच हाक. “माउली, सही करा.”

मी सही केली. तेव्हापासून तो तुकडा मीच कसतो आहे.

आमचं कॉलेज हमरस्त्याला लागून आहे. तीन बाजूंना ऊस आणि चौथीला वडापावची गाडी. वसंतदादा पाटलांच्या सरकारने 1983 मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर महाराष्ट्रात जी पिकं जोमाने वाढली त्यांतलं हे एक. अशा कॉलेजात व्यवस्थापनशास्त्र शिकवण्यातली पहिली अडचण म्हणजे त्या शब्दाचा अर्थ आधीच ठरून गेलेला असतो. स्टाफरूममध्ये कोणी खालच्या आवाजात ‘मॅनेजमेंटने सांगितलंय’ म्हणालं, तर ते पुस्तकातल्या फेयॉलबद्दल बोलत नसतात, संस्थाचालकांबद्दल बोलत असतात. ऑफिसात ‘मॅनेजमेंट’ म्हणजे कोटा. आणि विद्यार्थ्यांत तर ते क्रियापदच आहे. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली घसरलेला मुलगा दारात उभा राहून, मान एका बाजूला किंचित झुकवून म्हणतो, “सर, जरा मॅनेज करा ना.”

पहिल्याच तासाला मी व्याख्या सांगितली होती. सगळ्या पुस्तकांत असते तीच, दुसऱ्यांकडून काम करून घेण्याची कला. पोरं वहीत उतरवायचीही थांबली. हे शिकायला फी भरावी लागते, याचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं असावं. ज्या मुलाने तीन वर्षांत एकही असाइनमेंट स्वतः लिहिलेली नाही, त्याला ही कला मी काय शिकवणार? मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला. “सर, यात न्यूमरिकल्स असतात का?”

इंजिनिअरचा सगळा कल या प्रश्नात आहे. ज्यात आकडे नाहीत ते शास्त्र नव्हे, आणि ज्यात आकडे आहेत ते ऑप्शनला टाकायचं. मी म्हटलं, “असतात. पर्ट, ब्रेक-इव्हन, इन्व्हेंटरी.” वर्गाने सुस्कारा सोडला. सुटल्याचा की सापडल्याचा, ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात फेयॉलपासून होते. आंरी फेयॉल हा फ्रेंच खाण-इंजिनिअर. 1888 मध्ये त्याच्या हाती खाणी आणि पोलादाची एक कंपनी आली तेव्हा ती बुडायच्या बेतात होती, आणि त्याने ती वर काढली. मग 1916 मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं प्रसिद्ध केली. ही चौदा तत्त्वं त्याने जगासाठी लिहिली असं जग समजतं. वास्तविक ती परीक्षा विभागासाठी लिहिली गेली. ‘कोणतीही पाच स्पष्ट करा’ हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण चौदातून पाच निवडायला विद्यार्थ्याला बरं वाटतं आणि तपासणाऱ्याला सोळा पानं उलटायचं बळ मिळतं. एका महाभागाने पाच सोडून सगळीच लिहिली होती. मोजली तर सतरा भरली. पंधरावं ‘कामगारांशी प्रेमाने बोलणे’, सोळावं ‘वेळेवर पगार’ आणि सतरावं ‘दिवाळीला सुट्टी’. मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसलो. आमच्या स्टाफमध्ये मतदान घेतलं असतं, तर फेयॉलची चौदाही पडली असती आणि ही तीन बिनविरोध आली असती. पूर्ण मार्क दिले.

फेयॉलचं चौथं तत्त्व आहे ‘युनिटी ऑफ कमांड’. एका माणसाला एकच साहेब. हे तत्त्व शिकवत असताना माझ्या खिशातला फोन तीनदा थरथरला. एचओडींचा मेसेज, ‘अर्जंट, रिझल्ट ॲनालिसिस पाठवा.’ डीनचा मेसेज, ‘कोणीही रिझल्ट ॲनालिसिस परस्पर पाठवू नये.’ आणि एक्झाम सेलचा, ‘रिझल्ट अजून लागलेला नाही.’ त्याखेरीज एका ट्रस्टींचे भाचे आहेत. त्यांचं पद काय ते कोणालाच ठाऊक नाही, पण ते दारातून आत आले की आम्ही उभे राहतो. उदाहरण म्हणून मी फोनच वर्गाला दाखवला असता, पण कॅम्पसमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे. ती बंदीही व्हॉट्सॲपवरच आली.

फेयॉलनंतर टेलर. हा माणूस पोरांना आवडत नाही, आणि मला वाटतं पोरांचं बरोबर आहे. बेथलेहेम स्टीलच्या आवारात मजूर कच्च्या लोखंडाच्या लाद्या गाडीत चढवायचे, प्रत्येकी 92 पौंडांच्या. एक मजूर दिवसाला साडेबारा टन चढवायचा. टेलरने घड्याळ लावून हिशेब केला की साडेसत्तेचाळीस टन व्हायला हवेत. मग त्याने एक गडी निवडला. टेलरच्या 1911 च्या पुस्तकात त्याचं नाव श्मिट, खरं नाव हेन्री नोल. त्याला सांगितलं, मी म्हणतो तेव्हा उचलायचं, मी म्हणतो तेव्हा बसायचं, उलट बोलायचं नाही. श्मिटने साडेसत्तेचाळीस टन चढवले. मजुरी 1.15 डॉलरची 1.85 झाली.

हे सांगून मी फळ्याकडे वळलो तर मागे कॅल्क्युलेटरची टकटक. ज्या वर्गात स्वतःहून कोणी कधी कॅल्क्युलेटर काढत नाही, त्या वर्गात.

“सर, काम दोनशे ऐंशी टक्के वाढलं. पगार एकसष्ट टक्के.”

“बरोबर.”

“मग टेलर सर एचआरला होते का?”

आदल्या आठवड्यात एक आयटी कंपनी प्लेसमेंटला येऊन गेली होती. तिने सांगितलेलं पॅकेज त्यांच्या सीनिअर्सच्या सीनिअर्सना मिळालं होतं तेवढंच होतं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या खिशात ऑफर लेटर होतं आणि सगळेच श्मिट होते. मी पुढचा टॉपिक घेतला.

पुढचा टॉपिक गिलब्रेथ, आणि इथे मात्र मी रमतो. टेलरच्या हातात घड्याळ होतं, फ्रँक गिलब्रेथची नजर हालचालींवर. हा मूळचा गवंडी. वीट रचायला अठरा हालचाली लागतात हे पाहून त्याने त्या पाचावर आणल्या. कामातल्या मूळ हालचालींना नाव काय द्यायचं, तर स्वतःचं आडनाव उलटं फिरवून ‘थर्ब्लिग’. (हा मान आडनाव कसं आहे त्यावर आहे. आमच्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांची आडनावं मी उलटी करून पाहिली. एकही शास्त्रीय वाटलं नाही.) त्याच्या बारा मुलांपैकी दोघांनी 1948 मध्ये पुस्तक लिहून बापाचे घरातले प्रयोग जगापुढे मांडले. वेस्टकोटाची बटणं तो खालून वर लावायचा, कारण वरून खाली लावायला सात सेकंद लागतात आणि खालून वर तीनच. दाढी दोन वस्तऱ्यांनी एकदम करून पाहिली. चव्वेचाळीस सेकंद वाचले. मात्र गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली.

हे शिकवून घरी गेलो की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. एका रविवारी मी फोनवर स्टॉपवॉच लावून, वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. बायको पोळ्या करत होती. मी टिपू लागलो. गोळा उचलणे, पिठात बुडवणे, लाटणे, अर्धी लाटल्यावर पुन्हा पिठाकडे जाणे. हा उजवीकडचा प्रवास मला खटकला. पिठाचा डबा डावीकडे आला तर दर पोळीमागे दीड सेकंद वाचत होता. तव्यावर पोळी फुगेपर्यंत डावा हात मोकळा, त्याची नोंद मी ‘आयडल टाइम’ खाली केली. माझ्या तीन पोळ्या लिहून झाल्या तेव्हा तिच्या चौदा करून झाल्या होत्या.

“अहो, काय लिहिताय?”

मी डब्याचं सांगितलं.

“हा डबा इथून हलला,” ती लाटणं न थांबवता म्हणाली, “तर उद्यापासून पोळ्या तुम्ही लाटायच्या.”

डबा जागेवर राहिला. पुढच्या रविवारी वही तिच्या हातात होती. त्यात माझ्या दिवसाची नोंद अशी सापडली: अंघोळ, पेपरसह, चाळीस मिनिटं. चहा मागणे, सात वेळा. चष्मा शोधणे, पाच वेळा, त्यातले तीन वेळा डोक्यावर. आणि शेवटी, ‘आयडल टाइम: सकाळी सात ते रात्री अकरा.’

मी तिला सांगितलं की फ्रँकची बायको लिलियन ही खरी थोर. 1924 मध्ये तो अचानक गेला, तेव्हा पदरात अकरा मुलं. तिने ती वाढवली, नवऱ्याचा धंदा चालवला आणि स्वयंपाकघरांची रचना शास्त्रशुद्ध करण्याचं काम केलं. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याचं श्रेयही तिलाच देतात. तसला डबा आमच्या ओट्याखाली आहे. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तरीच,” ती म्हणाली. “तिच्या नवऱ्याने नुसता कचरा मोजला असता.”

पण व्यवस्थापनाचं खरं प्रात्यक्षिक पाहायचं तर सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या बॉइज हॉस्टेलवर जावं. मी एकदा रेक्टरचा चार्ज होता म्हणून गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरभर पोरं. दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी, खाली दिवा, वर एकावर एक दोन शीट्स. याला जीटी मारणं म्हणतात, ग्लास ट्रेसिंग, आणि ही विद्या अभ्यासक्रमात नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. एकजण फक्त बॉर्डर आणि टायटल ब्लॉक काढत होता. दुसरा फक्त वर्तुळं. तिसऱ्याचं अक्षर चांगलं म्हणून तो सगळ्यांची नावं घालत होता. चौथ्याकडे एकच काम, मॅडमच्या सह्यांचा क्रम कोणत्या जर्नलला कोणता ते लक्षात ठेवणं. पाचवा चहा. कामाची विभागणी हे फेयॉलचं पहिलं तत्त्व. दुपारी मी विचारलं तेव्हा यांच्यापैकी एकालाही आठवलं नव्हतं.

याच पोरांना मी पर्ट शिकवतो. अमेरिकन नौदलाने 1958 मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ही पद्धत काढली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे. सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि सगळंच फिसकटलं तर. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं. मी म्हटलं, उदाहरण तुमचंच घ्या, जर्नल पूर्ण करणे. वर्गाने प्रामाणिकपणे सांगितलं: दोन दिवस, पाच दिवस, चौदा दिवस. दोन अधिक वीस अधिक चौदा, छत्तीस. भागिले सहा.

“सहा दिवस आले सर.”

“छान.”

“पण सर, सबमिशन उद्या आहे.”

आणि क्रिटिकल पाथ? तो मी फळ्यावर बाण काढून दोन तास शिकवायचो, कोणाला कळायचा नाही. मग एका ऑक्टोबरमध्ये पहिल्या बाकावरच्या मुलीला डेंग्यू झाला. सबंध वर्गात स्वतःच्या डोक्याने जर्नल लिहिणारी ती एकटी. तिच्यावरून चौघं उतरवायचे, चौघांवरून सोळा, सोळांवरून उरलेले. ती हॉस्पिटलात गेली आणि साठ जणांचं सबमिशन आठवडाभर पुढे ढकललं गेलं. एचओडींनी मला बोलावून विचारलं, “उशीर का?” मी म्हटलं, “सर, क्रिटिकल पाथला ताप आलाय.” वर्गाला मात्र ती संकल्पना त्या आठवड्यात जी समजली ती कायमची. मुलं शहाळी घेऊन आळीपाळीने भेटायला गेली. तिच्या आईला केवढं भरून आलं म्हणे.

एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या समितीच्या, भेटीबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिली नाही ते विश्वास ठेवणार नाहीत. शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम आकड्यांत मांडायचा. त्या वेळी बारा पीओ (प्रोग्रॅम आउटकम्स) असत. त्यांतला अकरावा ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट अँड फायनान्स’, म्हणजे माझ्याच वाट्याचा. माझ्या विषयाचा त्याच्याशी संबंध किती, तर एक, दोन की तीन. सगळीकडे तीन घातले तर संशय येतो, म्हणून मधूनमधून दोन पेरायचे. शेवटी माझं अटेनमेंट 2.17 निघालं. तो आकडा दशांशानंतर दोन घरांपर्यंत अचूक होता, आणि कशाचा होता ते मला सांगता येणार नाही.

समिती आली त्या तीन दिवसांत भाड्याच्या कुंड्या आल्या, बंद लेथ फिरू लागलं आणि मुलं तासाला बसली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून जे प्रयोग झाले ते मी तेव्हा प्रथमच नीट शिकवले. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, आणि ‘आपल्याकडे कोणीतरी बघतंय’ म्हणून माणसं काम करतात असा त्यातून निष्कर्ष काढला गेला. वर्गात समितीचे एक सदस्य मागे बसले होते. ते मान डोलवत होते. मीही फार जोरात शिकवत होतो. चौथ्या दिवशी टेम्पो येऊन कुंड्या घेऊन गेला.

आता एका तासाबद्दल सांगतो. टॉपिक ‘ग्रीव्हन्स हँडलिंग’, म्हणजे कामगारांच्या तक्रारी कशा हाताळाव्यात. पुस्तकात एक आकृती आहे. तक्रार मुकादमाकडे, तिथून सुपरवायझरकडे, तिथून समितीकडे, आणि मग वर वर, बाण दिसेनासे होईपर्यंत. दुपारी दोनची वेळ. मी म्हटलं, कोणी प्रत्यक्षातलं उदाहरण देईल का? नेहमीप्रमाणे शांतता. मग वाल्ह्याकडचा एक मुलगा उठला. एरवी तो तोंड उघडत नाही.

“सर, वारीतलं चालेल का?”

म्हणाला, आमच्या आजोबांची दिंडी असते. माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या, मागे कितीतरी. प्रत्येकीला नंबर, जागा ठरलेली. हे सगळं हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलं, ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ चालू असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार दंड वर करतो. हजारो माणसं गप्प. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, कोणी मध्ये घुसलं, पाणी मिळालं नाही, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. तोवर आरती नाही. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती.

“फॉर्म वगैरे?” मी विचारलं.

“नाही सर. फक्त टाळ.”

वर्ग जागा होता. मी खडू हातात घेऊन फळ्यावरच्या बाणांकडे पाहिलं आणि ते पुसले. त्या मुलाला मी म्हटलं, तुला टर्मवर्कला पैकीच्या पैकी. तो खाली बसता बसता अगदी हळू म्हणाला, “सर, हजेरी एकसष्ट टक्के आहे. जरा मॅनेज...”

या जूनमध्ये लोडची मीटिंग झाली तेव्हा मी रजेवर नव्हतो. एवढं तरी शिकलो होतो. पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि म्हटलं, “सर, यंदा मला थर्मो द्या.” एचओडींनी मान हलवली, ती होकारार्थी आहे असं मला वाटलं. वाटणी सुरू झाली. थर्मो गेलं. डिझाइन गेलं. मॅनेजमेंट माझ्या नावापुढे आधीच टाइप केलेलं होतं, आणि त्याखाली नवीन एक ओळ होती: डिझास्टर मॅनेजमेंट, दोन तास. “तुमचाच प्रांत आहे सर,” एचओडी म्हणाले. सगळे हसले. मग ते म्हणाले, “शांत राहा, पुढचा मुद्दा.” सगळे शांत झाले.

माझ्या हातात लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो कधी टेबलावर वाजू लागला ते माझं मलाच कळलं नाही. छन, छन, छन.

“सर, ते जरा बंद करता का? ऐकू येत नाहीये.”

मी बंद केलं नाही. शेजारच्या मॅडमनी चमत्कारिक नजरेने पाहिलं. भाचेसाहेबांनी फोनवरून नजर वर उचलली. एचओडी दोनदा खाकरले. छन, छन.

तेवढ्यात मामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. दारातच थबकले, क्षणभर कान दिला, मग ट्रे खिडकीत ठेवला आणि सरळ माझ्यापाशी येऊन वाकले.

“काय तक्रार हाय माउली?”

खोलीत कोणी हलत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी किल्ल्या खिशात टाकल्या.

“चहात साखर कमी असते, मामा.”

मामांनी गंभीरपणे मान डोलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती वाढली.